शरदातील वाचनालय : कार्यक्रमांआधीची तयारी

घटस्थापनेपासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ सार्वजनिक वाचनालयाच्या वर्षातील सर्वांत धावपळीचा असतो. कोजागरीची काव्यसंध्या, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, दिवाळी अंक, मुलांची सुट्टी आणि १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह एकमेकांच्या पाठोपाठ येतात, आणि कार्यकारिणीची पहिली बैठक बहुधा एकाच प्रश्नावर अडून बसते: वक्ता कोण? हा प्रश्न दुसऱ्या बैठकीसाठी ठेवावा. वाचनालयाचा कार्यक्रम व्यासपीठावर सुरू होत असला तरी तो पुरा होतो देवघेवीच्या टेबलापाशी, म्हणून तयारीही तेथूनच सुरू करावी, असे माझे मत आहे.

पहिले काम कपाटांचे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमट हवेने पुस्तकांचे काय केले हे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही. भिंतीला टेकलेली कपाटे वीतभर पुढे ओढून मागे ओल आली आहे का, वाळवीच्या मातीची रेघ दिसते का, हे पाहावे आणि तपासणी सर्वांत खालच्या फळीपासून सुरू करावी. बुरशी धरलेली पुस्तके आधी वेगळी काढावीत, आणि नाक-तोंड झाकून, खोलीबाहेर मोकळ्या हवेत, कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडावीत. ओल्या फडक्याने पुसली तर बुरशी जात नाही, उलट पसरते. ऑक्टोबरचे कडक ऊन पाहून पुस्तके गच्चीवर पसरण्याचा मोह होतो, परंतु त्याने पाने पिवळी पडतात आणि बांधणीचा डिंक तडकतो, म्हणून ती सावलीतच वाळवावीत आणि पूर्ण कोरडी झाल्याखेरीज फळीवर परत ठेवू नयेत. सप्ताहात मांडायची पुस्तके बांधणीच्या गठ्ठ्यात गेलेली नाहीत ना, याची खात्रीही याच वेळी करून घ्यावी.

त्यानंतर तारखा. वाचन प्रेरणा दिन हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस असल्याने तारखेने येतो, तर कोजागरी आणि दिवाळी तिथीने. त्यामुळे गेल्या वर्षीचे वेळापत्रक जसेच्या तसे उतरवून घेता येत नाही. शाळांच्या सत्र परीक्षा कधी संपतात आणि सुट्टी कधी लागते, हे मुख्याध्यापकांकडून लेखी मागवावे. कोजागरीची मैफल अंगणात घ्यायची असेल, तर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यासाठी आगाऊ लेखी परवानगी लागते आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार तो रात्री १० नंतर बंद ठेवावा लागतो, हे ध्यानात असावे. चंद्र माथ्यावर येतो तो मध्यरात्रीच्या सुमारास. त्यामुळे खुर्च्या अर्धवर्तुळात आणि जवळजवळ मांडून ध्वनिक्षेपकाविनाच कविता वाचणे हा मला अधिक चांगला मार्ग वाटतो.

दिवाळी अंकांच्या योजनेला मात्र सगळ्यांत जास्त वेळ द्यावा लागतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आज वाचनालयाला नवे सभासद मिळवून देणारे सर्वांत भरवशाचे साधन आहे. गेल्या वर्षीची देवघेव वही उघडून कोणते अंक सतत बाहेर होते आणि कोणते फळीवरच राहिले, ते पाहूनच मागणीची यादी करावी. कार्यकारिणीच्या आवडीनिवडीला त्यात स्थान देऊ नये. (भविष्याच्या अंकांकडे नाक मुरडणाऱ्या सभासदांच्या नावावरही ते अंक नोंदलेले आढळतात.) हिशेब सोपा आहे. एक अंक तीन दिवसांसाठी दिला, तर दोन महिन्यांत तो फार तर वीस घरी जातो. योजनेत शंभर सभासद असतील, तर शंभर अंक सदैव बाहेरच असतात, आणि फळीवर निवडीला काही उरावे यासाठी किमान सव्वाशे प्रती लागतात. एवढे अंक घेण्याची ऐपत नसेल तर वर्गणीदारांची संख्या आधीच मर्यादित ठेवावी. अंक आल्यावर लगेच देऊ नयेत. पिनांच्या जागी दाभणाने दोरा घालून ते शिवावेत, मुखपृष्ठाला प्लॅस्टिकचे आवरण घालावे, शिक्का मारावा आणि स्वतंत्र नोंदवहीत क्रमांक द्यावा. परत आलेल्या अंकाची पाने, विशेषतः पाककृती आणि शब्दकोड्याची, सभासदासमोरच चाळून पाहावीत, कारण नंतर कोणाला विचारणार?

वक्त्याचा विषय आता घ्यावा. निमंत्रणपत्र, मानधन, प्रवास या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. राहून जाते ते वेगळेच. एका वर्षी आम्ही प्रवासवर्णनांवर उत्तम व्याख्यान ठेवले, श्रोते भारावून देवघेवीच्या टेबलाशी आले, आणि वक्त्यांनी सांगितलेल्या सहा पुस्तकांपैकी आमच्याकडे दोनच होती. त्यांतील एक सात महिने एका सभासदाच्या घरी होते. तेव्हापासून मी वक्त्यांकडून पुस्तकांची यादी तीन आठवडे आधी मागवतो, थकलेली पुस्तके परत आणवतो आणि उरलेली विकत घेतो. अभिवाचन असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित साहित्यातील वाजवी उतारा जाहीरपणे वाचता येतो. संपूर्ण कथा किंवा नाट्यप्रवेशांची मालिका सादर करायची झाल्यास परवानगी घ्यावी. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हा हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे राहतो.

मुलांच्या कार्यक्रमांसाठी सकाळची वेळ, पिण्याचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक एवढे पुरते. बालविभागातील पुस्तके त्यांच्या हाताला लागतील अशा उंचीवर असावीत, आणि सुट्टीपुरते सभासदत्व देण्याचा अर्ज एका पानाहून मोठा नसावा.

ग्रंथालय सप्ताह शेवटी येतो, तोवर सगळे दमलेले असतात, म्हणून त्याचे प्रदर्शन नव्याने उभारण्याऐवजी आधीच्या कार्यक्रमांसाठी काढलेल्या पुस्तकांतूनच मांडावे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता असलेल्या वाचनालयाने प्रत्येक कार्यक्रमाची हजेरीवही, तारीख दिसणारे छायाचित्र आणि खर्चाच्या पावत्या त्याच दिवशी एका फाइलमध्ये लावाव्यात. तपासणीच्या वेळी स्मरणशक्ती कामाला येत नाही. हजेरीच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखून घ्यावा आणि कार्यक्रमानंतरच्या आठ दिवसांत त्या विषयाची किती पुस्तके वाचकांच्या घरी गेली, ते त्यात लिहावे. हा आकडा तपासणीत कोणी मागत नाही, पण पुढच्या सप्टेंबरमध्ये कार्यकारिणी पुन्हा वक्त्याच्या नावावर अडेल तेव्हा ती वही टेबलावर ठेवता येते.