वारा वाढला की शीड आवरतं कसं घ्यावं

वारा पाठीवर आहे, होडी ६ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चालली आहे, अंगाला जेमतेम झुळूक लागतेय आणि सगळे खुशीत आहेत. खरा वारा १८ नॉटचा आहे, पण होडी त्याच्याच दिशेने पळत असल्यामुळे डेकवर तो १२ नॉटच जाणवतो. मग कुणीतरी म्हणतं, चला, परत फिरू. होडीचं तोंड वाऱ्याकडे वळतं आणि तोच वारा आता साडेबावीस नॉटचा होऊन शिडावर येतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अर्ध्या मिनिटात शिडावरचा जोर साडेतीन पट झाला! होडी एका कुशीवर झोपते, केबिनमधली भांडी खडखडत एका बाजूला जातात आणि सुकाणू धरणाऱ्याचा चेहरा पांढरा पडतो.

अशा वेळी शीड आवरतं घ्यायचं असतं. खलाशांच्या बोलीत, रीफ घ्यायचा. मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, थोडं खाली उतरवायचं, उतरलेला भाग बूमपाशी, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यापाशी, आवळून धरायचा आणि उरलेल्या लहान शिडावर पुढे जायचं. पहिल्या रीफमध्ये मेनसेलचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो. काम पाच मिनिटांचं, हात बसला की दोन-तीन मिनिटांचं. अवघड जातं ते वेळेवर ठरवणं. नवख्याला रीफ घेणं म्हणजे घाबरणं वाटतं आणि शर्यतवाल्याला वेग गेला असं वाटतं.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक घोळ निस्तरू. शीड म्हणजे कापड. शीट म्हणजे ते कापड आत-बाहेर करणारा दोर. मराठीत बोलताना हे दोन शब्द एकमेकांच्या पायात येतात. "शीट सोड!" असं ओरडल्यावर एकाने हॅलियार्डच, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, सोडून दिलेला मी पाहिला आहे. तेव्हापासून मी 'मेनशीट' आणि 'जिबशीट' (जिब म्हणजे डोलकाठीपुढचं शीड) अशी पूर्ण नावंच घेतो. आणखी तीन दोर लागतील: बूम खाली ओढून धरणारा किकर, बूमचं मागचं टोक वरून पेलणारी टॉपिंग लिफ्ट आणि शिडाचा मागचा कोपरा बूमवर खेचणारी रीफ लाइन.

वेळ झाली हे कसं ओळखावं

रीफ घ्यावा का, असं मनात आलं की घ्यावा, असं जुने खलाशी सांगतात. सल्ला खरा आहे, पण वर सांगितलेल्या प्रसंगात तो विचार मनात येतच नाही, कारण वारा पाठीवर असताना सगळं गोड वाटतं. म्हणून मनावर विसंबू नका, पाण्याकडे आणि सुकाणूकडे बघा.

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ च्या सुमारास वाऱ्याची जी मोजपट्टी बसवली, तिच्यात वाऱ्याचा वेग आकड्यांत नव्हताच. युद्धनौकेला किती शीड पेलवेल, यावरून वारा मोजला जाई. आज त्याच पट्टीला नॉटचे आकडे जोडलेले आहेत. ४ क्रमांकाचा वारा ११ ते १६ नॉट: लाटांच्या माथ्यावर पांढरे तुरे बऱ्याच ठिकाणी दिसतात. ५ क्रमांक, १७ ते २१ नॉट: तुरे सगळीकडे, अधूनमधून तुषार अंगावर. २२ च्या पुढे ६ क्रमांक, मोठ्या लाटा आणि सगळीकडे पसरलेले फेसाळ माथे. मध्यम आकाराच्या बहुतेक सहलीच्या होड्यांना पहिला रीफ चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या सीमेवर कुठेतरी लागतो. वारा पाठीवर असेल तर वाऱ्याच्या यंत्रावरचा जाणवणारा आकडा बघून फसू नका. त्यात होडीचा वेग मिळवा, मग ठरवा.

सुकाणू त्याहून प्रामाणिक. शीड जास्त झालं की होडी आपलं तोंड वाऱ्याकडे वळवू पाहते आणि तिला सरळ ठेवायला दांडा सतत स्वतःकडे ओढून धरावा लागतो. हात दुखायला लागला की समजा, पाण्याखालचं सुकाणूचं पान तिरकं होऊन ब्रेकसारखं घासतंय. होडी २० ते २५ अंशांपेक्षा जास्त कलून राहत असेल तरी तेच. इतकी कललेली होडी पुढे कमी आणि आडवी जास्त सरकते. रीफ घेतल्यावर ती उभी राहते, सुकाणू हलकं होतं आणि वेग बहुधा तेवढाच राहतो, कधी वाढतोसुद्धा.

दोन पोटांच्या होडीला, म्हणजे कॅटमरानला, हे काही लागू नाही. ती कलत नाही, त्यामुळे कुरकुरतही नाही आणि जोर थेट डोलकाठीवर आणि दोरांवर येतो. तिथे बांधणाऱ्याने दिलेला तक्ता पाळायचा आणि तोही सरासरी वाऱ्यावर नव्हे, झोतांच्या आकड्यावर.

काळा गडगडाटी ढग जवळ येत असेल तर मोजत बसू नका. त्याच्यातून खाली कोसळणारी थंड हवा बहुतेक वेळा पावसाच्या आधी पोचते. तिथे एक रीफ पुरत नाही. मेनसेल पूर्ण उतरवून, बांधून मोकळं व्हावं.

धक्क्याला बांधलेली असतानाच

पहिला रीफ समुद्रात घेऊ नका. वारा नसलेल्या सकाळी, होडी बांधलेली असताना घ्या. शीड खाली आणा, शिडाच्या पुढच्या कडेवरचं रीफचं कडं बूमपाशी जागेवर अडकवा आणि हॅलियार्ड ताणून क्लचपाशी, म्हणजे दोर पकडून धरणाऱ्या चापापाशी, त्याच्यावर ठळक खूण करा. पक्क्या शाईची चालेल, रंगीत दोरा शिवलात तर अंधारात बोटांनाही कळेल. ही एक खूण समुद्रात निम्मी धावपळ वाचवते. दुसऱ्या रीफसाठी दुसरी खूण.

मग रीफ लाइनचा मार्ग बघा. ती बूमवर जिथे बांधली आहे ती जागा, रीफ घेतल्यावर शिडाचं मागचं कडं जिथे येतं, त्याच्या किंचित मागे हवी. तरच ती कडं खालीही ओढते आणि मागेही. गाठ पुढे सरकलेली असेल तर शिडाची खालची कड कधीच ताणली जाणार नाही, कितीही विंच, म्हणजे दोर ताणायचा रहाट, फिरवा. विकत घेतलेल्या जुन्या होड्यांवर ही चूक मला वारंवार दिसते. मालक वर्षानुवर्षं म्हणत असतो की आमचं शीड रीफमध्ये नीट बसतच नाही.

समुद्रावर, क्रमाने

१. कामं वाटा. एक जण सुकाणूवर, एक डोलकाठीपाशी, तिसरा असला तर कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेत, दोरांवर. डोलकाठीकडे जाणाऱ्याने लाइफजॅकेट आणि हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) घालून, कॉकपिटमधून निघण्याआधीच हुक अडकवायचा. तो कठड्याच्या तारेत नव्हे, डेकवर पुढून मागे ताणलेल्या पट्ट्याला, म्हणजे जॅकलाइनला, किंवा पक्क्या कडीला. १९७९ च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट या ब्रिटनमधल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या ३०३ नौका वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धक गेले. नंतरच्या चौकशीत हार्नेस आणि ते अडकवलेल्या जागा निकामी झाल्याचंही पुढे आलं.

२. होडीचं तोंड वाऱ्याकडे आणा, पण अगदी समोरासमोर नको. जिब भरलेली राहू द्या, म्हणजे होडी चालत राहील आणि सुकाणूचं ऐकेल. माणसं कमी असतील तर हीव्ह-टू करा: टॅक घ्या, म्हणजे होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवा, पण जिबशीट सोडू नका. जिब उलट्या बाजूने फुगते. मग दांडा वाऱ्याआडच्या बाजूला ढकलून बांधून टाका. होडी जवळजवळ थांबते आणि आश्चर्य वाटावं इतकी शांत होते. ती हळूहळू वाऱ्यासोबत वाहत मात्र जाते, तेव्हा त्या बाजूला मोकळं पाणी आहे ना हे आधी बघा.

३. टॉपिंग लिफ्ट ताणा. नाहीतर पुढच्या पायरीला बूम कॉकपिटमधल्यांच्या डोक्यावर येईल.

४. मेनशीट सैल सोडा आणि किकरही सैल सोडा. किकर सगळेच विसरतात. तो ताणलेला राहिला की बूम वर उचलला जात नाही, रीफ लाइन येत नाही, मग कुणीतरी जोर करून ती विंचवर घेतो आणि कापड फाटतं. रीफ लाइन जड लागली की विंचचा दांडा खाली ठेवा आणि काय अडकलंय ते शोधा.

५. विंचवर दोन वेढे ठेवून हॅलियार्ड खुणेपर्यंत सोडा. डोलकाठीपाशी उभा असलेला शीड हाताने खाली ओढेल आणि पुढच्या कडेचं कडं हुकात अडकवेल.

६. आता हॅलियार्ड पुन्हा ताणा, आणि तो रीफ लाइनच्या आधी. हा क्रम उलटला तर शीड मागे खेचलं जातं आणि पुढची कड नीट चढतच नाही. डोलकाठीलगत शिडावर एक उभी घडी उमटेपर्यंत ताणा. वारा भरला की ती जाईल. इथे आळस केला तर शीड पोतडीसारखं फुगतं, फुगवटा मागे सरकतो आणि लहान केलेलं शीडही होडीला मोठ्या शिडाइतकंच कलवतं. "रीफ घेऊन काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथेच चुकलेलं असतं.

७. रीफ लाइन ओढा, मागचं कडं बूमला टेकेपर्यंत आणि खालची कड ताठ होईपर्यंत.

८. टॉपिंग लिफ्ट सैल करा, किकर ताणा, मेनशीट आत घ्या आणि वाटेला लागा.

बूमवर लोंबणारं कापड छोट्या दोऱ्यांनी बांधायचं असेल तर बांधा, पण हलक्या हाताने. या दोऱ्या फक्त कापड आवरण्यासाठी आहेत, शिडाचा ताण त्यांच्यावर येता कामा नये. ताण पेलायचा तो पुढच्या आणि मागच्या कड्याने.

वारा पाठीवर असतानाच रीफ घ्यायची वेळ आली तर? शीड डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारांवर चिकटलेलं असतं, खाली येत नाही. शक्यतो होडी वळवाच. लाटांमुळे वळणं धोक्याचं असेल तर मेनशीट ओढून शीड तारांपासून सोडवा आणि हातभर हॅलियार्ड, मग हातभर रीफ लाइन, असं थोडं थोडं उतरवत या. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही, आणि तो टाळण्यासाठीच वळण्याआधीचा विचार करायचा.

जिबचं काय

आधी मेनसेल की आधी जिब, यावर खलाशी तासन्‌तास वाद घालतात. डोलकाठीच्या टोकापर्यंत जाणारी मोठी जिब असेल तर बहुधा आधी ती कमी करतात. जिब लहान आणि मेनसेल मोठं असेल तर आधी मेनसेल. शंका असेल तर सुकाणू सांगेल: दांडा जड झालाय आणि तुम्ही फक्त जिब गुंडाळली, तर तो आणखी जड होईल.

फर्लरवरची, म्हणजे स्वतःभोवती गुंडाळता येणारी, जिब गुंडाळताना होडी थोडी वाऱ्यापासून वळवा, म्हणजे जिब मेनसेलच्या आडोशाला येऊन निवळते. जिबशीट सोडताना थोडा ताण ठेवा, नाहीतर गुंडाळी सैल होते. अर्धी गुंडाळल्यावर जिबशीटची सरकती कप्पी पुढे घ्या, कारण जिबचा मागचा कोपरा आता पुढे आणि वर गेलेला असतो.

शर्यतीत

शर्यतीत रीफ हा शेवटचा डाव असतो. आधी शीड चपटं करतात: खालची कड ताणून, हॅलियार्ड ताणून, बॅकस्टे (डोलकाठीची मागची तार) ओढून, मग ट्रॅव्हलर (मेनशीटचा आडवा सरकता आधार) वाऱ्याआडच्या बाजूला सोडून. इतकं करूनही मेनसेल सतत फडफडतच ठेवावं लागत असेल, तर ते कापड फक्त ओझं झालंय. रीफ घ्यायचाच असेल तर वाऱ्याकडे जाणारा टप्पा सुरू होण्याआधी घ्या. वाऱ्याआडच्या टोकाच्या बोयाभोवती चार होड्या अंगाला अंग लावून वळत असताना नाही. डिंगीवर, म्हणजे छोट्या उघड्या होडीवर, बहुतेक वेळा रीफची सोयच नसते. तिथे अंग बाहेर टाकणं आणि झोत आला की मेनशीट सोडणं, एवढंच हाती असतं. लेझर या एका माणसाच्या डिंगीचं शीड मात्र डोलकाठीभोवती एक-दोन वेढे गुंडाळून लहान करता येतं.

रीफ सोडताना

वारा पडला असं वाटलं तरी लगेच सोडू नका, दहा-पंधरा मिनिटं बघा. अंधार पडायला आला असेल तर रात्रभर रीफ तसाच राहू दे, थोडं उशिरा पोचाल. सोडायचा क्रम असा: आधी कापडाच्या छोट्या दोऱ्या, मग टॉपिंग लिफ्ट ताणून मेनशीट आणि किकर सैल, मग रीफ लाइन, मग पुढचं कडं हुकातून काढणं, आणि शेवटी हॅलियार्ड.

छोट्या दोऱ्या सगळ्यात आधी का, हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. पाच सोडल्या, सहावी बूमच्या पलीकडच्या बाजूला राहिली आणि मी जोमाने हॅलियार्ड ओढला. 'टर्रर्र' असा आवाज आला आणि शिडाला वीतभर भोक. तेव्हापासून बांधताना मोठ्याने मोजतो, आकडा सुकाणूवरच्या माणसाला सांगतो, आणि सोडताना तो माझ्याकडून तेवढ्या दोऱ्या हातात मोजून घेतो.