जुन्या रेसिंग गाड्यांची तुलना नुसत्या हॉर्सपॉवरवरून करू नका

दोन जुन्या गाड्यांत ट्रॅकवर भारी कोण हे ठरवायला बसलं की सगळे आधी हॉर्सपॉवर आणि टॉप स्पीड काढतात, त्यातून काही हाती लागत नाही. आधी एकच ट्रॅक पकडा आणि त्या दोन्ही वर्षी ट्रॅकचा आकार तोच होता का ते बघा.

फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या रेसचंच घ्या ना. १९५७ ला ड्रायव्हर माइक हॉथॉर्नने फेरारी ३३५ एस घेऊन ३:५८.७ (३ मिनिटं ५८.७ सेकंद) चा लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, मारला, १९६७ ला ७ लिटरच्या फोर्ड मार्क ४ ने ३:२३.६, आणि मधल्या काळात ट्रॅक बदललेला नाही, म्हणजे हा ३५ सेकंदांचा फरक गाड्या, टायर आणि ड्रायव्हरचा, खरा फरक. पण १९७१ ला पोर्शे ९१७ ने ३:१८.४ काढला तो थेट वजा करायचा नाही, कारण १९६८ ला पिट्सच्या (गाड्या पेट्रोल-दुरुस्तीला थांबतात त्या जागेच्या) अलीकडे शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण, बसवली, तिथे ब्रेक मारावाच लागतो. पाचच सेकंद सुधारणा दिसते पण ९१७ त्याहून बरीच पुढे होती. १९९० ला मुल्सानच्या लांब सरळ पट्ट्यावरही शिकेन आल्या, तिथून पुढचे आकडे तर यांच्याशी लावूच नका.

मग लॅप आणि एकूण अंतर वेगळं लिहा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हॉथॉर्नची ती फेरारी रेस पूर्ण करू शकली नाही, आणि पहिले चारही नंबर जॅग्वार डी-टाइपने नेले. २४ तासांच्या रेससाठी बांधलेली गाडी एका लॅपवर कशी मोजणार?

ट्रॅकचा स्वभावही बघा. सरळ पट्ट्यांसाठी पोर्शेकडे ९१७ होतीच, तरी सिसिलीच्या डोंगरातल्या टार्गा फ्लोरिओ रेसला १९७० मध्ये त्यांनी मुद्दाम छोटी, हलकी, ३ लिटरची ९०८/०३ नेली आणि जिंकली. वळणावळणाच्या रस्त्यावर कमी पॉवरची गाडीच योग्य होती.

आणि पाऊस! १९७० ला ९१७ ने पावसात ले मान्स जिंकली तेव्हा ३४३ लॅप झाले, पुढच्या वर्षी कोरड्यात ९१७ चेच ३९७, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवसाचं हवामान लिहून ठेवा.