यादीत नाव आलं, पण संघातली झाले कधी?

हायस्कूलच्या व्हॉलीबॉल संघाच्या यादीत माझं नाव आलं तेव्हा मी आठवीत होते. १२ जणींत बारावी. त्यानंतरचे कितीतरी महिने मी त्या संघात पाहुणीसारखी वावरले. आज इतक्या वर्षांनीही ते दिवस आठवले की पोटात कालवतं, म्हणून नव्याने संघात शिरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. खेळाचे नियम तुम्हाला येतातच, सरावाला दांडी मारायची नाही हेही माहीत आहे. त्यावर मी वेळ घालवत नाही.

माझी समजूत अशी होती की आधी सहा जणींत जागा मिळवायची, मग सगळ्या आपोआप आपल्या होतील. तोवर गप्प राहायचं. सांगितलं तेवढं करायचं, मोठ्या ताया बोलत असतील तर बाजूला उभं राहायचं, पाणी प्यायचं तेही एका कडेला जाऊन. याला मी नम्रपणा समजत होते. घरातही मला हेच शिकवलेलं होतं, की मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.

मग एका सामन्यात दुसऱ्या सेटला मला बदली म्हणून मागच्या ओळीत उतरवलं. समोरून सर्व्हिस आली ती बरोबर माझ्या आणि कॅप्टनच्या मध्ये. जोरही नव्हता. मला एक पाऊल टाकायचं होतं, तिलाही एकच. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. चेंडू दोघींच्या मध्ये पडला. मैदानावरच्या धुळीत त्याचा गोल ठसा उमटला आणि मी त्याच्याकडेच बघत राहिले.

ती ओरडली नाही. जवळ येऊन म्हणाली, "'माझा' का नाही म्हणालीस?"

"तुझा होता ना, ताई."

"कुणाचा नसतो गं. जी आवाज देते तिचा."

ही चूक नीट समजून घ्या, कारण वरून ती चूक वाटतच नाही. व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉक, म्हणजे समोरून मारलेला चेंडू नेटपाशी उडी मारून हातांनी अडवणं, त्यानंतरचा स्पर्श सोडला तर एका खेळाडूला सलग दोनदा चेंडू खेळता येत नाही. संघाला मिळतात तीन स्पर्श. म्हणजे जो चेंडू तुम्ही उचलता तो दुसरीसाठीच उचलता, आणि हे सगळं काही क्षणांत उरकायचं असतं. तिथे 'माझा', 'सोड', 'बाहेर', 'टिप' (जोरात न मारता बोटांनी हलकेच नेटपलीकडे टाकलेला चेंडू) हे शब्दच कामाला येतात. जी गप्प आहे तिच्या शेजारणीला स्वतःची जागा सांभाळून तिचीही सांभाळावी लागते, कारण ही जाणार की नाही हे तिला कळतच नाही. माझ्या नम्रपणाचं ओझं त्या सगळ्या महिनोन्महिने वाहत होत्या.

मैदानाबाहेरही तेच झालं होतं. पुढे ओळख वाढल्यावर एकीने सांगितलं, "आम्हाला वाटायचं, तुला आमच्यात यायचंच नाहीये." मी रोज घरी जाऊन रडत होते की या मला आपलं मानत नाहीत, आणि त्यांना वाटत होतं की मीच त्यांना मानत नाही. गप्प माणसाच्या मनात आदर आहे की तुसडेपणा, हे बाहेरून कुणालाही कळत नाही. आधी आपलेपणा मिळेल आणि मग तोंड उघडेन, असं ठरवून बसाल तर वर्ष वाया जाईल. माझं गेलं.

म्हणून सरावात प्रत्येक चेंडूला आवाज द्या, तो उघडउघड तुमचाच असला तरी. सुरुवातीला आवाज चिरका निघतो, लाज वाटते. दोन आठवड्यांत सवय होते, खरंच होते.

बाकावर बसलेल्यांनी तर हे जास्त मनावर घ्यावं. बदलीचा नियम आठवा. पहिल्या सहांतली खेळाडू बाहेर गेली तर त्या सेटमध्ये ती एकदाच परत येऊ शकते, आणि तीही जी तिच्या जागी आली तिच्याच जागी. म्हणजे त्या सेटपुरती तुमची दोघींची जोडी लागते. पुढे माझी अशी जोडी जिच्याशी जमली, ती बाहेर जाताना माझा हात धरून दोनच वाक्यं सांगायची, "त्यांची उंच मुलगी टिप टाकतेय. पुढे सरकून राहा." मीही बाकावरून मोकळी जागा हेरून तिला ओरडून सांगायचे. बुटाच्या नाड्यांकडे बघत बसलेली मुलगी आत उतरते तेव्हा तिला यातलं काहीच माहीत नसतं.

आता जवळच्या वाटांबद्दल. कॅप्टनच्या बॅगा उचलणं, तिच्या प्रत्येक बोलण्यावर हसणं, संघातल्या कुणाची तरी चुगली करून दुसरीच्या जवळ जाणं, हे सगळं मी पाहिलंय. यातून ओळख होते, विश्वास बसत नाही. आणि मार्गदर्शक शोधायचाच तर संघातल्या सगळ्यात चमकत्या खेळाडूच्या मागे लागू नका, असं माझं ठाम मत आहे. तिला बहुतेक गोष्टी पटकन जमलेल्या असतात, तुमचं कुठे अडतंय ते तिला दिसत नाही. दोन वर्षं बाकावर काढलेली दुसरी सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी, ती गाठा. तिला संघातला प्रत्येक स्वभाव पाठ असतो.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगते. 'आपण एक कुटुंब आहोत' हे वाक्य तुम्हाला गप्प करायला वापरलं जात असेल तर तिथे थांबू नका. नव्या मुलींना अपमान सहन करायला लावून त्याला परंपरा म्हणणं, 'घरी सांगू नकोस' म्हणणं, दुखापत लपवायला लावणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी घरी सांगा. व्हॉलीबॉलमध्ये घोटा मुरगळणं अगदी नेहमीचं आहे, नेटपाशी उडी मारून खाली येताना दुसऱ्याच्या पायावर पाय पडतो. मी सुजलेला घोटा घट्ट बांधून दोन दिवस खेळले, का तर संघाला माझी गरज होती. त्यानंतर दीड महिना घरी बसले. ज्यांना तुमची काळजी आहे ते तुम्हाला बसवतील.

आणि सगळ्यांशी मैत्री झालीच पाहिजे असंही नाही, ती भीती काढून टाका. एका मुलीशी माझं शेवटपर्यंत पटलं नाही. पण आमची कुणी स्मॅश मारायला उडाली, की ब्लॉकला लागून परत येणारा चेंडू उचलायला बाकीच्या तिच्याभोवती गुडघे वाकवून गोळा होतात, त्यात ती दरवेळी माझ्या शेजारी असायची. आम्हा दोघींचे हात जमिनीपासून वीतभर वर. तिथे अबोला वगैरे काही उरत नसे. घरात तरी सगळ्यांशी कुठे पटतं?

नववीत मी लिबेरो झाले, म्हणजे मागच्या ओळीत फक्त बचाव करणारी खेळाडू. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत आलेली ही जागा. वेगळ्या रंगाचा शर्ट, ब्लॉक करायचा नाही, नेटच्या वरच्या उंचीवरून चेंडू मारायचा नाही. आदल्या वर्षी मला तो वेगळा रंग सोसला नसता. पण मागून सगळं मैदान दिसतं, त्यामुळे सगळ्यात जास्त बोलायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते मनापासून आवडलं.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर सराव संपल्यावर नेट काढायला थांबा. ते काम एकटीने होत नाही. आधी ताण सैल करायचा, मग दोघींनी दोन टोकं धरून घडी घालत एकमेकींकडे यायचं. तो चेंडू पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा थांबले. समोरचं टोक कॅप्टनने धरलं होतं. घडी घालत ती अगदी जवळ आली, तिच्या हातातलं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "उद्या अर्धा तास लवकर ये. मी आपल्या दोघींच्या मध्ये सर्व्हिस टाकायला सांगते कुणाला तरी."