प्रवाळ म्हणजे धोंडा नव्हे: या चुका टाळा

गोव्याच्या ग्रँड आयलंडला स्नॉर्केलिंग करताना दम लागला की पाय टेकायला जागा हवी असते, आणि खाली नेमका प्रवाळाचा गोल धोंडा दिसतो. बरेचजण बिनधास्त त्यावर उभे राहतात. कृपा करून असं करू नका. सांगाडा कठीण असला, तरी जीव असतो तो वरच्या काही मिलिमीटर सालीत. पायातली पोहायची फिन घासली की साल निघते आणि उघड्या जागेवर शेवाळ धरतं. थकलात तर पाठीवर उताणे तरंगा, लाइफ जॅकेट त्यासाठीच आहे.

दुसरी चूक म्हणजे 'भोकं आहेत, म्हणजे ठिसूळ' असं समजणं. आपल्याकडचा जांभ्या दगडाचा चिरा बघा! भोकाभोकांचा, तरी घराचं वजन पेलतो. प्रवाळाचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. भिंगाखाली धरला तर प्रत्येक पॉलिपची, म्हणजे प्रवाळातल्या एकेका चिमुकल्या जीवाची, इवलीशी वाटी दिसते आणि काठाकडून मध्याकडे आलेले उभे पडदे. पॉलिप वर सरकताना पाठीमागे सांगाड्याचा नवा थर सोडत जातो. मला ही रचना कितीही वेळा पाहिली तरी पुरेशी वाटत नाही. वरून येणारा दाब ती चांगला सोसते, पण वाकवली की मोडते. म्हणून नांगराचा दोर अडकला की आधी फांद्या जातात.

मोडलेली फांदी दिसली की सगळं खापर लाटांवर फोडू नका. आधी तुटलेली बाजू नीट बघा, हात न लावता. ती भरीव आणि पांढरीशुभ्र असेल तर घाव ताजा: नांगर, लाथ, जाळं किंवा लाट. आत बोगदे आणि खळगे असतील, तर पोखरणारे स्पंज आणि शिंपले बराच काळ बुंध्यात काम करत होते, लाट फक्त शेवटचं निमित्त.

प्रोजेक्टवाल्या मुलांनो, व्हिनेगर टाकल्यावर फेस आला म्हणून तुकडा प्रवाळाचा ठरत नाही, शिंपल्यावरही फेस येतो. दाब-चाचणीत, म्हणजे नमुना किती दाब सोसतो हे मोजताना, तो वाढीच्या दिशेने ठेवला की आडवा, कोरडा होता की भिजलेला, हे लिहून ठेवा. दोन्ही टोकं सपाट घासली नाहीत तर आकडा कमी येतो, कारण सगळा भार एकाच कोपऱ्यावर पडतो. आणि नमुना कॉलेजच्या जुन्या संग्रहातलाच घ्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली दगडी प्रवाळ संरक्षित आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही.