देशोदेशींच्या कायद्याच्या राज्याची तुलना: अहवाल लिहिताना या चुका टाळा

नाशिकमधील विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षांचे उमेदवार प्रकल्पासाठी युरोपीय संघातील कायद्याच्या राज्याचा विषय आवडीने घेतात. निवड रास्त आहे, कारण न्यायव्यवस्था, भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा, माध्यमस्वातंत्र्य आणि सत्तेवरील संस्थात्मक नियंत्रण या चार अंगांनी युरोपीय आयोग 2020 पासून दरवर्षी सर्व सदस्य देशांचा आढावा प्रसिद्ध करतो. साहित्याची वानवा नसते. गोची होते ती ते वाचण्याच्या पद्धतीत.

पहिली चूक म्हणजे युरोप परिषद आणि युरोपीय परिषद एकच समजणे; ती किरकोळ दिसते, पण तोंडी परीक्षेत हमखास पकडली जाते. युरोप परिषद ही 46 देशांची, युरोपीय संघाहून वेगळी संघटना असून घटनात्मक प्रश्नांवर सल्ला देणारा व्हेनिस आयोग तिच्या छत्राखाली काम करतो. राष्ट्रप्रमुख व सरकारप्रमुखांची युरोपीय परिषद आणि मंत्र्यांची परिषद या मात्र 27 देशांच्या संघाच्या संस्था आहेत. कोणाचे मत सल्ला आहे आणि कोणाचा निर्णय बंधनकारक आहे, हे यावरच ठरते.

दुसरी चूक क्रमांकाची. वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्ट या संस्थेच्या कायद्याच्या राज्याच्या निर्देशांकात भारत 2022 मध्ये 140 देशांत 77वा आणि 2023 मध्ये 142 देशांत 79वा होता. एवढ्यावरून ‘घसरण झाली’ असे लिहून मोकळे होऊ नये, कारण यादीत नव्याने आलेले देश वरच्या जागी बसले तरी आपला क्रमांक खाली जातो. शून्य ते एक या मापावरील गुण आणि आठही घटकांचे स्वतंत्र आकडे पाहिल्याशिवाय क्रमांकावर वाक्य रचू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कलमाला कलम लावून तुलना करणे. हंगेरीने 2012 मध्ये न्यायाधीशांचे निवृत्तीवय 70 वरून 62 वर आणले आणि पोलंडने 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांसाठी ते 70 वरून 65 केले. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश 62व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे 65व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे मराठी वाचकाला ‘यात वावगे काय?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. वावगे आकड्यात नव्हतेच. नवे वय आधीपासून पदावर असलेल्यांना लागू झाले. हंगेरीत पुरेसा संक्रमणकाळ न देता न्यायाधीशांना घरी पाठवण्यात आले, तर पोलंडमध्ये मुदतवाढ द्यायची की नाही हे राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर सोडले गेले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत सरकारांविरुद्ध निकाल दिला, परंतु कारणे वेगळी होती: 2012 मध्ये वयावर आधारित भेदभाव, तर 2019 मध्ये न्यायाधीशांचे स्वातंत्र्य आणि त्यांना पदावरून हटवता न येण्याचे तत्त्व. म्हणून कलम उतरवून घेताना ते कोणाला, कधीपासून लागू झाले आणि सूट देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या तीन गोष्टी त्याच ओळीत नोंदवाव्यात. ‘अमुक देशातही असेच आहे’ हा युक्तिवाद सरकारे फार हौसेने करतात; अभ्यासकाने त्याला भुलू नये.

न्यायालयीन गतीच्या आकड्यांतही अशीच फसगत होते. समजा, एका न्यायालयात वर्षभरात 1,000 दावे दाखल झाले आणि 1,050 निकाली निघाले, तर निपटाऱ्याचे प्रमाण 105 टक्के भरते आणि अहवालात शाबासकी मिळते. पण वर्षअखेरीस 4,200 दावे प्रलंबित असतील, तर प्रलंबित भागिले निकाली गुणिले 365 या युरोपात रूढ असलेल्या सूत्राने अंदाजित कालावधी 1,460 दिवस, म्हणजे चार वर्षे येतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत. न्यायालयांतील दाव्यांची आकडेवारी देणाऱ्या राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या संकेतस्थळावरील नाशिक जिल्ह्याची आकडेवारी घेऊन हे गणित एकदा करून पाहिल्यास सूत्र पक्के बसते. शिवाय हुकूमनामा हाती आला म्हणजे ताबा मिळाला असे होत नाही, त्यासाठी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते, हे दिवाणी न्यायालयाचा बोर्ड (रोजच्या प्रकरणांची यादी) पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. देशांची तुलना करतानाही निकालाच्या पुढची ही पायरी वगळू नये.

अनेक अहवालांत ‘कलम 7 लावून हंगेरीवर कारवाई झाली’ असे ठोकून दिलेले असते. संघाच्या करारातील हे कलम मूल्यांचा भंग करणाऱ्या सदस्य देशाचा मतदानाचा हक्क निलंबित करण्याची वाट देते; युरोपीय संसदेने सप्टेंबर 2018 मध्ये ती प्रक्रिया सुरू केली एवढेच खरे. हा हक्क निलंबित करण्याआधी गंभीर आणि सातत्यपूर्ण भंग झाल्याचे इतर सर्व देशांनी एकमताने ठरवावे लागते, आणि एका जरी मित्रदेशाने हात आखडता घेतला की गाडे अडते. प्रत्यक्ष चाप बसला तो पैशाच्या वाटेने: 2021 पासून लागू असलेल्या अर्थसंकल्पीय अटींच्या नियमाखाली डिसेंबर 2022 मध्ये हंगेरीचे सुमारे 6.3 अब्ज युरो रोखले गेले. हा नियम संघाच्या आर्थिक हिताला बाधा पोहोचत असेल तरच वापरता येतो, हेही लिहावे. पोलंडविरुद्ध 2017 मध्ये सुरू झालेली कलम 7ची प्रक्रिया मे 2024 मध्ये संपुष्टात आली, तरी जुन्या टिपणांवरून ती चालू असल्याचे अजूनही लिहिले जाते. प्रत्येक माहितीपुढे ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते नोंदवले की ही अडचण उरत नाही.

शिफारशींच्या पानावर ‘सार्कनेही (दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेनेही) अशी यंत्रणा उभारावी’ हे वाक्य सर्रास आढळते. सार्कच्या 1985 च्या सनदेतील दहावे कलम द्विपक्षीय व वादग्रस्त मुद्दे चर्चेतून वगळते, निर्णय एकमताने घ्यावे लागतात आणि सदस्य देशांना बांधील करणारे न्यायालय सार्ककडे नाही. ही शिफारस करायचीच असेल, तर सनदेत कोणता बदल लागेल आणि निष्कर्ष कोण अमलात आणेल, याचा एक परिच्छेद तिच्याआधी लिहावा लागेल.