रॉबर्ट पोलार्डचे सोलो अल्बम ऐकायला घेताय? या चुका टाळा

‘बी थाउजंड’ ऐकलं, ‘एलियन लेन्स’ ऐकलं, दोन्ही डोक्यात बसले. मग गायडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकी रॉक बँडसाठी ही गाणी लिहिणारा माणूस स्वतःच्या नावाने काय करतो ते बघावं म्हणून ॲपमध्ये ‘रॉबर्ट पोलार्ड’ टाकलं, तर अल्बमची रांग संपता संपेना. बहुतेक जण मधलाच एखादा अल्बम लावतात, चार गाणी ऐकतात आणि ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून मोकळे होतात. शेरा अगदीच खोटा नाही. ओहायोतल्या डेटनमध्ये चौथीच्या पोरांना शिकवणाऱ्या या मास्तरने पस्तिशी उलटल्यावर नोकरी सोडली आणि तेव्हापासून नुसता गाणी पाडतोय. त्यात भरताड आहेच. पण चांगलं हाती न लागण्याची कारणं बहुधा नेहमीचीच असतात.

‘बँड संपल्यानंतरचं’ एवढंच शोधणे

बँडने 31 डिसेंबर 2004 ला शिकागोच्या ‘मेट्रो’ या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम केला, म्हणून लोक 2005 च्या पुढचंच चाळतात. पण पोलार्डचा पहिला सोलो अल्बम ‘नॉट इन माय एअरफोर्स’ 1996 चा आहे, म्हणजे बँड जोरात असतानाचा. ‘वेव्ह्ड आउट’ 1998 चा. आणि ज्यावर बरेच चाहते पैज लावतील तो ‘स्पीक काइंडली ऑफ युअर व्हॉलंटिअर फायर डिपार्टमेंट’ 1999 चा. तारखेची चाळणी लावली की हे तिन्ही गळतात. शिवाय बँड कायमचा संपलाच नाही. 2010 ला जुनी मंडळी परत एकत्र आली, 2014 ला पुन्हा फाटलं, 2016 ला पुन्हा सुरू. त्या 2016 च्या ‘प्लीज बी ऑनेस्ट’वर नाव बँडचं, पण सगळी वाद्यं एकट्या पोलार्डने वाजवलेली. मग सोलो कशाला म्हणायचं?

कव्हरवरचं नाव बघणे, सोबत कोण आहे ते न बघणे

माझ्या मते खरी गोम इथे आहे. ‘सगळे अल्बम सारखेच वाटतात’ ही तक्रार करणाऱ्याला विचारावं, कोणते ऐकलेत? उत्तरात बहुधा 2006 नंतरचे सलग तीन-चार अल्बम येतात, आणि ते सगळे टॉड टोबायससोबतचे असतात. त्यांची पद्धत ठरलेली होती. पोलार्ड गिटार आणि आवाजातला कच्चा डेमो टेप करून द्यायचा, टोबायस त्यावरून बेस, ड्रम्स, कीबोर्ड सगळं स्वतः वाजवून रेकॉर्ड करायचा, आणि शेवटी पोलार्ड येऊन गाऊन जायचा. एकाच माणसाचा हात सगळीकडे फिरल्यावर चव सारखी लागणारच. त्यातून उत्तम गाणीही निघाली, पण सलग ऐकली तर कान कंटाळतात.

उपाय सोपा आहे: सोबती बदला. ‘स्पीक काइंडली’वर सगळी वाद्यं बँडचा गिटारवादक डग गिलार्डची आहेत. त्यातलं ‘पॉप झ्यूस’ ऐका. गिटार गाण्याला मागून ढकलत नाही, गाण्याच्या बरोबरीने बोलते. मग एकदम 2016 च्या ‘ऑफ कोर्स यू आर’वर या, तिथे हेच काम निक मिचेलने केलंय आणि हवा पुन्हा वेगळी. पोलार्डच्या स्वतःच्या नावाची रांग याच अल्बमपाशी थांबते.

याच कारणाने दुसऱ्या नावांखालीही शोधायला हवं. क्रिस स्लुसारेंको आणि ड्रमर जॉन मोएन यांच्याबरोबरचा बॉस्टन स्पेसशिप्स हा बँड 2008 ते 2011 या काळात पाच अल्बम करून गेला. त्यातला शेवटचा, ‘लेट इट बिअर्ड’, दुहेरी आहे आणि मला तरी त्या काळातल्या पोलार्डच्या सोलो अल्बमांपेक्षा सरस वाटतो. टॉमी कीनबरोबरचा कीन ब्रदर्स गोड आहे. सर्कस डेव्हिल्स हा त्याचा आणखी एक बँड मात्र सुरुवातीला लावू नका. तो अंधारा, वेडावाकडा प्रकार आहे. आधी बाकीचं पचू द्या.

सव्वीस गाणी एका बैठकीत

‘फ्रॉम अ कंपाउंड आय’ (2006) पासून सुरुवात करा असं सगळीकडे सुचवलं जातं. सल्ला बरोबर आहे, पण त्यात 26 गाणी आहेत हे सांगायला लोक विसरतात. तो दुहेरी रेकॉर्ड म्हणून रचलेला आहे, चार बाजूंचा. एका वेळी सहा-सात गाणी ऐका आणि थांबा. ‘लव्ह इज स्ट्राँगर दॅन विचक्राफ्ट’ लागोपाठ ऐकण्याच्या थकव्यात ऐकलं तर वाया जातं.

गाणी फार छोटी, चव लागेपर्यंत संपतात, अशी अडचण असेल तर ‘रॉबर्ट पोलार्ड इज ऑफ टू बिझनेस’ (2008) घ्या. दहाच गाणी, सगळी ऐसपैस.

ॲपचं सेटिंग

हे कोणी सांगत नाही. क्रॉसफेड (एक गाणं संपत असतानाच पुढचं त्यात मिसळणारी सोय) चालू असेल तर बंद करा. याची कितीतरी गाणी दीड-दोन मिनिटांची असतात आणि हळूहळू विरत न जाता खाडकन तुटतात. दहा सेकंदांचा क्रॉसफेड लावला की तो तुटण्याचा झटकाच पुढच्या गाण्याखाली गाडला जातो. शफलही नको.

‘बी थाउजंड’ची खरखर शोधणे

तो आवाज घरात, स्वस्त चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर रेकॉर्ड केल्याचा आहे. सोलो अल्बम पुढे पुढे स्वच्छ होत गेले. खरखरच हवी असेल तर ‘नॉट इन माय एअरफोर्स’ जवळचा.

आपल्याला गोडवा हवा की खडबडीतपणा, हे पारखायला 9 ऑक्टोबर 2007 सोयीचा. त्या एकाच दिवशी दोन अल्बम आले: ‘कोस्ट टू कोस्ट कार्पेट ऑफ लव्ह’ सुरेल, ‘स्टँडर्ड गार्गॉइल डिसिजन्स’ रांगडा. दोन्हींची पहिली तीन-तीन गाणी ऐका, कल कळेल.

शब्दांचा अर्थ लावत बसणे

पोलार्ड कात्रणं चिकटवून कोलाज करतो, कव्हरवरही बऱ्याचदा तीच असतात. गाण्यांचे शब्दही त्याच जातीचे. सुरावट आधी मुरू द्या. एखादी ओळ आपोआप अडकून बसते.

हावरेपणा

‘सुटकेस’ नावाचे, पूर्वी न आलेल्या गाण्यांचे संच मोठे मोहात पाडणारे आहेत. 2000 सालच्या पहिल्या संचात चार सीडी, शंभर गाणी, आणि गाण्यांना काल्पनिक बँडची नावं. भारतात मागवायचा तर टपालखर्च आणि कस्टम्स धरून खिसा रिकामा होतो, आणि ऐकायला मिळतो तो बहुतांशी टाकलेला माल. त्याआधी ‘क्रिकेट्स’ हा 2007 चा दोन सीडींचा निवडक संग्रह बघा. 1999 पासूनच्या फेडिंग कॅप्टन या पोलार्डच्याच अल्बम-मालिकेतलं वेचक त्यात आलंय, आणि त्यात जे गाणं आवडेल त्याचा मूळ अल्बम मग शोधता येतो.