रंगवलेल्या पॅनेलिंगचा सांधा पुन्हा पुन्हा फुटतो? या चुका टाळा

दोन पॅनेलच्या मध्ये केसाएवढी रेघ दिसली की हात आधी लांबीच्या (पुट्टीच्या) डब्याकडे जातो. पहिली चूक तीच. प्लायवूड असो वा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), हवेतली ओल वाढली की फुगतं आणि हवा कोरडी झाली की आक्रसतं. लांबी वाळून दगड होते. हलणाऱ्या सांध्यात दगड बसवला तर तो फुटणारच.

नेहमीचा प्रकार बघा. पहिल्यांदा लांबी भरून, घासून वर एक हात रंग मारतात. हवा पालटली की रेघ परत येते. दुसऱ्यांदा जाळीची टेप चिकटवून वर जाड लांबी ओढतात. आता रेघेच्या जागी बोटभर रुंद उंचवटा येतो आणि त्याच्या दोन्ही कडांना एकेक रेघ, म्हणजे एकीच्या दोन झाल्या! तिसऱ्यांदा सगळं खरवडल्यावर दिसतं, की एका पॅनेलची कड मागच्या पट्टीला धरलेलीच नाही. अंगठ्याने दाबली तर आत जाते आणि सोडली की बाहेर येते. हे दाबून बघायला दहा सेकंद लागतात, पण तेवढा धीर कुणाला नसतो.

म्हणून आधी सांध्याच्या दोन्ही बाजू वरपासून खालपर्यंत दाबून बघा. कड हलत असेल तर तिच्यापासून साधारण 12 मिमी आत, दर 200 मिमीवर स्क्रू मारा. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर एमडीएफची कड फुगून चिरते. मागून वायर गेलेली नाही ना, हेही बघून घ्या. स्क्रूचं डोकं मिलिमीटरभर खाली गेलं पाहिजे. लांबी त्या खड्ड्यांत भरा, सांध्यात नको.

दुसरी चूक आणखी पक्की रुजलेली आहे: बारीक भेगेवर सीलंटचा (भेग बुजवायच्या, वाळल्यावर रबरासारखं ताणणाऱ्या पेस्टचा) हात फिरवून मोकळं होणं. हिशोब साधा आहे. अर्ध्या मिलिमीटरची भेग आणखी अर्धा मिलिमीटर उघडली, तर आतल्या सीलंटला दुप्पट ताणावं लागतं. एवढं साधं अ‍ॅक्रिलिक सीलंट ताणत नाही. तीच भेग कटरने 4 मिमी रुंद केली, तर तेवढ्याच हालचालीला सीलंट फक्त आठवा भाग ताणलं जातं. भेग मिटवायची म्हणून आधी ती मोठी करायची, हे नवख्यांना पटत नाही, तरी करा.

खाच 3 ते 4 मिमी खोल ठेवा. भुसा झटका, उघड्या कडांना प्रायमर लावा आणि तो वाळू द्या. मग तळाला पॅकिंग टेपची बारीक पट्टी घाला, म्हणजे सीलंट दोन कडांनाच चिकटेल आणि मधे मोकळं ताणलं जाईल. तळालाही चिकटलं तर ते मधूनच फाटतं. सीलंट भरल्यावर ओलं बोट एकदाच फिरवा. पाणी उडालं की ते खाली बसतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी वरून पातळ थर द्या.

सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही.

सीलंट पॉलिशपेपरने घासू नका, ते रबरासारखं गोळा होऊन उपटतं. घासायचं ते आधी.

वरचा कोरडा पापुद्रा बघून तासाभरात रंग मारू नका. आत ओलं असतं. ते आक्रसलं की रंगाला जाळीसारखे तडे जातात. निदान 24 तास थांबा. ऑइल पेंटपेक्षा पाण्याचा रंग बरा, तो थोडा तरी ताणतो.

रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, ओला करून खरवडा.

फट 6 मिमीच्या पुढे गेली असेल, तर भरत बसण्यापेक्षा वरून लाकडी पट्टी मारणं चांगलं. खिळे मात्र एकाच पॅनेलमध्ये ठोका, दुसऱ्याला पट्टीखाली सरकू द्या. दोन्हीकडे ठोकले तर पट्टीच मधोमध चिरेल.